बोल्ट आवळतो, भार घर्षण पेलतं

दिवाळी सरली, कारखान्यांचे बॉयलर पेटले की अहिल्यानगर जिल्ह्यातले रस्ते उसाने भरून जातात. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५० साली पहिला हंगाम घेतला, तेव्हा ऊस बैलगाडीतून येत असे. आज काठोकाठ भरलेले ट्रक येतात, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीगोंदा, कुठल्याही कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लागलेला असतो. अशा एखाद्या उभ्या ट्रकच्या मागच्या चाकाजवळ वाकून बघा. गोलाकार लावलेले दहा नट दिसतील. एवढा सगळा भार चाकाकडून हबकडे कोण पोचवतं, असं विचारलं तर बहुतेक जण त्या नटांच्या आतल्या स्टडकडे बोट दाखवतील.

उत्तर तसं नाही. सपाट बैठकीच्या नटांचं चाक असेल, तर डिस्कची भोकं स्टडच्या जाडीपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात. स्टड भोकाच्या कडेला टेकून चाक ओढू लागला, तर तो सांधा बिघडला असंच समजायचं. नटांचं काम डिस्कला हबवर करकचून दाबून धरण्याचं. त्या दाबामुळे दोन पोलादी पृष्ठभागांमध्ये जे घर्षण तयार होतं, तेच भार पेलतं आणि ब्रेकचा झटकाही तेच सोसतं. उसाची मोळी आठवा. दोरी फक्त बाहेरून आवळलेली असते, मधल्या कांड्याला तिचा स्पर्शही नसतो, तरी ते कांडं उपसून निघत नाही. दोरी सैल झाली की मात्र सहज सरकतं.

सांधा हलायला लागला की त्याची खूण बाहेर दिसते. नटाच्या बुडापासून तांबूस रेघ डिस्कवर उतरलेली असते. ती नुसत्या पावसाच्या गंजाची नसते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर काही मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचे काही हजारावे भाग, मागे-पुढे घासत राहतात आणि पोलादाची बारीक भुकटी होऊन ती गंजते. जुना चालक ही रेघ बघितल्याबरोबर पाना मागतो. त्याने न मोजता ओळखलेली ही सूक्ष्म घसरण संगणकावर आधीच दिसावी, यासाठी अभियंते गेली कित्येक दशकं झटत आहेत. फायनाइट एलिमेंट पद्धतीत बोल्टच्या सांध्याचं घर्षण बसवणं हे वरवर किरकोळ वाटतं. यंत्राच्या गणितातल्या सगळ्यात चिवट प्रश्नांपैकी तो एक आहे.

आधी आवळण्याचा हिशेब बघू. ८.८ दर्जाचा, १६ मिलीमीटर व्यासाचा बोल्ट कुठल्याही वर्कशॉपमध्ये सापडतो. ड्रॉइंगवर त्याच्यासाठी २०० न्यूटन-मीटर टॉर्क लिहिलेला आहे असं धरा. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला वीसेक किलोचा जोर लावला की एवढा टॉर्क होतो. या कष्टातलं बोल्ट ताणण्याच्या कामी किती येतं? आट्यांमधला आणि नटाच्या बुडाखालचा घर्षणगुणक ०.१२ धरला, तर जेमतेम तेरा टक्के. चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातं, उरलेलं जवळपास निम्मं नटाच्या बुडाखाली. त्या तेरा टक्क्यांतून बोल्टमध्ये सुमारे आठ टन ताण येतो आणि तेवढ्याच जोराने पत्रे दाबले जातात.

आता पाना तोच, टॉर्क तोच, फक्त आटे कोरडे आणि गंजके आहेत. घर्षणगुणक ०.२० झाला. ताण पाच टनांवर उतरतो. उलट कोणी आट्यांना चांगलं वंगण फासलं आणि गुणक ०.०८ झाला, तर हिशेबाने ताण अकरा टनांवर जातो. या बोल्टचं पोलाद दहा टनांच्या आसपासच कायमचं ताणलं जाऊ लागतं, म्हणजे तो आवळता आवळताच कामातून गेला. टॉर्क पान्याने तिन्ही वेळा तीच टिक वाजवली. म्हणून माझं ठाम मत आहे की ड्रॉइंगवर नुसता टॉर्क लिहून आट्यांची अवस्था न लिहिणं म्हणजे अर्धीच सूचना देणं.

पत्र्यांच्या घर्षणाचंही तसंच. पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात, आयएस ८०० च्या २००७ सालच्या आवृत्तीत, सांध्याच्या पृष्ठभागांसाठी घसरणगुणक दिलेले आहेत. काहीही प्रक्रिया न केलेल्या पृष्ठभागाला ०.२०. छर्ऱ्यांचा मारा करून स्वच्छ, खरबरीत केलेल्याला ०.५०. त्यावर जस्ताचा गरम मुलामा दिला तर ०.१०. म्हणजे आठ टन दाबणारा तोच बोल्ट एका ठिकाणी चार टन भार घसरू न देता पेलतो आणि दुसऱ्या ठिकाणी आठशे किलोवर हात टेकतो. गंजू नये म्हणून हौसेने दिलेला मुलामा सांध्याची पकड पाच पटींनी कमी करू शकतो.

रंगाचा त्रास आणखी वेगळा आहे. साठ मिलीमीटर जाडीचे पत्रे धरणारा हा बोल्ट आठ टनांना ताणला, तर तो लांबतो जेमतेम ०.१५ मिलीमीटर. सगळी पकड त्या एवढ्याशा लांबण्यावर उभी असते. पत्र्यांच्या मध्ये रंगाचा ५० मायक्रॉनचा थर राहिला आणि दाबाखाली तो हळूहळू कडेने निघून गेला, तर ताणाचा पाव भाग तरी गेलाच. पत्रे पंधराच मिलीमीटरचे असतील तर बोल्टचं लांबणंही चौथाई, मग जवळजवळ सगळाच ताण जातो. आखूड बोल्ट लवकर सैल पडतो, हा फिटरचा अनुभव इथे आकड्यांत दिसतो.

आता संगणकाकडे वळू. गुंतागुंतीच्या आकाराचे लहान तुकडे करून प्रत्येकाचं सोपं गणित मांडायचं आणि सगळी जोडून सोडवायची, ही फायनाइट एलिमेंट पद्धतीची कल्पना. रिचर्ड कुरांत यांनी १९४३ साली तिचं एक गणिती रूप मांडलं होतं. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानाच्या सांगाड्यांवरचा शोधनिबंध १९५६ चा, आणि पद्धतीला आजचं नाव क्लफ यांनी १९६० मध्ये दिलं. अखंड पोलादी तुकड्यासाठी ही पद्धत फार भरवशाची आहे. अडचण सुरू होते ती दोन तुकडे नुसते एकमेकांना टेकलेले असतात तिथे.

बोल्टचं प्रतिरूप तयार करताना पहिली गोष्ट म्हणजे आटे सहसा काढूनच टाकतात. बोल्टचा दांडा गुळगुळीत धरतात आणि नटाला तो आतून जोडलेला आहे असं मानतात. पत्र्यांवरच्या दाबाचा अभ्यास असेल तर एवढं पुरतं. नट उलटा फिरून सुटतो का हे बघायचं असेल, तर मात्र आट्यांचा खरा वळसा चढवावाच लागतो, आणि मग तुकड्यांची संख्या कुठल्या कुठे जाते.

दुसरी गोष्ट आवळणं. संगणकात नट फिरवत बसत नाहीत. दांड्याला मधोमध एक काल्पनिक छेद देतात आणि त्या छेदाची दोन टोकं हवा तेवढा ताण येईपर्यंत एकमेकांकडे ओढतात. मग ती लांबी तिथेच कायम करतात आणि पुढच्या पायरीत बाहेरचा भार लावतात. हा क्रम मोडून चालत नाही. आवळण आणि भार एकदम लावले तर उत्तर वेगळं येतं आणि ते चुकीचं असतं. साधी लवचिक वस्तू कोणत्या वाटेने वाकली हे लक्षात ठेवत नाही, शेवटचा भार सांगितला की तिचा आकार ठरतो. घर्षणाचा सांधा प्रत्येक टप्पा लक्षात ठेवतो. आधी कुठल्या बाजूला घसरला, कुठे अडकून राहिला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चाकाचे दहा नट समोरासमोरच्या जोड्यांनी, दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे असतात तेही यामुळेच. शेजारचा नट आवळला की डिस्क तिथे आणखी दबते आणि आधीच्या नटाचा ताण उतरतो. प्रतिरूपात दहा नट एकापाठोपाठ एक आवळून बघितले की हा उतार स्पष्ट दिसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द घर्षण. आमोंतों यांनी १६९९ मध्ये आणि कूलॉम यांनी १७८५ मध्ये मांडलेला नियम आपण शाळेत शिकतो. दाबाला गुणकाने गुणलं की घर्षणाची मर्यादा येते. भार तिच्या आत असेल तर वस्तू जराही हलत नाही, मर्यादा गाठली की घसरते. कागदावर हा नियम अगदी सुबक आहे, पण संगणकाला तो पचत नाही. ‘जराही नाही’पासून ‘घसरली’पर्यंत जी एकदम उडी आहे, तिथे गणिताला उतार सापडत नाही आणि उत्तराच्या दिशेने चालताना ते अडखळतं. शिवाय सरकण्याची दिशा आणि दाब एकमेकांत अडकल्याने समीकरणांची सममिती मोडते आणि संगणकाचं काम वाढतं.

यावर सगळ्यात रुळलेला उपाय म्हणजे एक छोटीशी सूट. चिकटलेल्या अवस्थेतही पृष्ठभागाला किंचित सरकू द्यायचं, जणू मध्ये फार कडक स्प्रिंग आहे. ही सूट वास्तवात नसते, गणिताच्या सोयीसाठी घेतलेली असते. अबॅकससारख्या मान्यवर सॉफ्टवेअरमध्ये आपण काही न सांगितल्यास ती एलिमेंटच्या, म्हणजे त्या लहान तुकड्याच्या, लांबीच्या अर्धा टक्का धरली जाते. एलिमेंट दोन मिलीमीटरचं असेल तर सूट होते दहा मायक्रॉनची. आणि आपण शोधतो आहोत ती खरी घसरण अनेकदा याहून लहान असते. म्हणजे रंगीत चित्र सुंदर येणार, आकडे नीट येणार, पण त्यांत दिसणारी हालचाल पोलादाची नसून गणिताने घेतलेल्या सवलतीची असणार. हा धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो, कारण इथे संगणक कुठलीही तक्रार करत नाही. उपाय आहेत. सूट आवळायची, तुकड्यांची जाळी बारीक करायची, किंवा लाग्रांज गुणकांची पद्धत वापरून सूट शून्यावर आणायची. प्रत्येकाची किंमत वेळेत मोजावी लागते, आणि कधी कधी गणित उत्तरापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं नीट जमलं की जे दिसतं ते मात्र डोळे उघडणारं असतं. बोल्टचा दाब पत्र्यावर सर्वत्र पसरत नाही. नटाच्या बुडापासून तो शंकूसारखा रुंदावत खाली जातो आणि सांध्यावर भोकाभोवतीचा एक गोल पट्टा तेवढा दाबतो. त्या पट्ट्याच्या बाहेर पत्रे एकमेकांपासून किंचित उचललेलेही असतात. कडेचा भार वाढत गेला की पट्टा सगळा एकदम घसरत नाही. दाब जिथे संपत येतो त्या बाहेरच्या काठावर मर्यादा आधी गाठली जाते. तिथे एक बारीक कडं घसरतं, आतला भाग चिकटून राहतो. भार आणखी वाढला की कडं आत आत सरकतं आणि शेवटी सगळा सांधा सुटतो. दोन गोल पृष्ठभागांसाठी हे चित्र कातानेओ यांनी १९३८ मध्ये आणि मिंडलिन यांनी १९४९ मध्ये गणिताने काढलं होतं. नटाच्या बुडातली ती तांबूस भुकटी पडते ती अशाच घसरणाऱ्या कड्यातून.

या कड्याला एक चांगली बाजूही आहे. प्रत्येक कंपनात तिथे थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. वाहनाचा सांगाडा खड्ड्यात आदळल्यावर तासभर घंटेसारखा वाजत राहत नाही, याचं मोठं श्रेय सांध्यांना आहे, पोलादाचं स्वतःचं कंपन जिरवणं त्यामानाने फार थोडं. मिंडलिन यांच्या गणिताप्रमाणे भाराचा आवाका लहान असताना ही हानी त्याच्या घनाच्या प्रमाणात वाढते. प्रत्यक्ष सांध्यांवरच्या मापनांत तो घातांक बहुधा दोन आणि तीन यांच्या मध्ये सापडतो. या फरकातच सांध्याचा सगळा खडबडीतपणा सामावलेला आहे. पृष्ठभाग सपाट नसतात, दाब सारखा नसतो.

पूर्ण ट्रकच्या प्रतिरूपात शेकडो बोल्ट इतक्या बारकाईने बसवणं परवडत नाही. मग सांधे सरसकट चिकटवून टाकण्याचा मोह होतो. तसं केलं की सांगाडा खऱ्यापेक्षा कडक ठरतो आणि कंपनं जिरतच नाहीत. मधला मार्ग असा की फक्त दाबाच्या गोल पट्ट्यापुरतेच पत्रे जोडायचे. आणखी नेमकं हवं असेल तर इवान यांनी १९६६ मध्ये सुचवलेली रचना वापरतात. वेगवेगळ्या मर्यादेला घसरणाऱ्या अनेक स्प्रिंगा समांतर लावायच्या, म्हणजे एकेक करून त्या सुटत जातात आणि सरकत्या कड्याचं वागणं मोजक्या आकड्यांत पकडता येतं.

नट सुटतोच का, हा प्रश्न मात्र बराच काळ नीट उलगडला नव्हता. सोळा मिलीमीटरच्या बोल्टच्या आट्यांचा चढ जेमतेम अडीच अंशांचा असतो आणि घर्षण सात-आठ अंशांपर्यंत धरून ठेवू शकतं. मग नट आपणहून उलटा फिरायलाच नको. गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये त्याचं कारण दाखवलं. बोल्टच्या दिशेने बसणारे हादरे तेवढे घातक नसतात. आडवे हादरे बसून पृष्ठभाग एकदा कडेला घसरू लागला की घर्षणाची सगळी ताकद त्या घसरणीला विरोध करण्यात खर्च होते. फिरण्याला अडवायला जवळजवळ काहीच उरत नाही, आणि आट्यांचा तो अडीच अंशांचा उतार नटाला दर हादऱ्यागणिक थोडा थोडा मागे फिरवतो. युंकर यांच्या यंत्रावरची आडव्या कंपनांची चाचणी आजही जगभर केली जाते. तिच्यातला निष्कर्ष कामाचा आहे. नट सुटू द्यायचा नसेल तर आधी सांधा घसरू देऊ नका, स्प्रिंग वॉशरचा विचार त्यानंतर.

नगर शहराला हा विषय परका नाही. इथल्या कायनेटिकच्या कारखान्याने सत्तरच्या दशकात लुना रस्त्यावर आणली. डीआरडीओची वाहन संशोधन आणि विकास संस्था, म्हणजे नगरकरांची व्हीआरडीई, इथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ नुसार नव्या वाहनांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांमध्ये तिचा समावेश होतो. आठ चाकांचं, पाण्यातही चालणारं चिलखती वाहन व्हॅप तिने टाटा मोटर्सबरोबर विकसित केलं. अशा वाहनाच्या विकासात संगणकावरचं उत्तर आणि ट्रॅकवरचा हादरा यांची गाठ घालावीच लागते. बोल्टवर ताणमापक पट्ट्या चिकटवून धावत्या वाहनात ताण किती उतरतो ते मोजतात. श्राव्यातीत ध्वनीची लहर बोल्टमधून पाठवून तो किती लांबला हे काढता येतं. पत्र्यांच्या मध्ये दाबाने रंग बदलणारी फिल्म ठेवली तर तो गोल पट्टा प्रत्यक्ष उमटतो आणि संगणकाच्या चित्राशेजारी ठेवून पाहता येतो. आकडा जुळला नाही तर बहुतेक वेळा चूक आपण गृहीत धरलेल्या घर्षणगुणकात निघते.

म्हणून अनुभवी विश्लेषक एकच गुणक धरून थांबत नाही, तो प्रतिरूप दोन टोकांना चालवून बघतो. आट्यांचं घर्षण सगळ्यात कमी धरलं की बोल्टमध्ये ताण सगळ्यात जास्त येतो, तेव्हा बोल्ट तुटतो का ते तपासायचं. मग आट्यांचं घर्षण सगळ्यात जास्त, म्हणजे पकड सगळ्यात कमी, आणि त्याच वेळी पत्र्यांचं घर्षणही कमीत कमी धरायचं, आणि सांधा घसरतो का ते पाहायचं. आट्यांमधलं घर्षण वाढलं की सांधा कमजोर होतो आणि पत्र्यांमधलं वाढलं की मजबूत, हे उलट-सुलट नातं विसरून दोन्हीकडे एकच आकडा भरणारी प्रतिरूपं सर्रास दिसतात.

पुण्याहून नगरला येताना सुपा-पारनेर भागातल्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात. अशा पवनचक्कीचा पोलादी मनोरा नळकांड्यांच्या भागांचा असेल, तर ते भाग आतल्या बाजूच्या गोल फ्लँजांनी, मोठमोठ्या बोल्टांच्या वेढ्याने जोडलेले असतात. वाऱ्याने मनोरा झुलतो तेव्हा एका बाजूच्या बोल्टांवर ओढ येते. पण फ्लँज घट्ट दाबलेले असतील, तर त्या ओढीचा लहानसाच हिस्सा बोल्टपर्यंत पोचतो, बाकीची ओढ फ्लँजमधला दाब कमी होण्यात जिरते. ताण उतरला आणि फ्लँज उघडू लागले की तोच हिस्सा झपाट्याने वाढतो आणि काही लाख झोक्यांनंतर बोल्टला थकव्याची चीर जाते. इतक्या मोठ्या बोल्टांवर टॉर्कच्या भरवशावर राहणं धोक्याचं, म्हणून अनेक ठिकाणी हायड्रॉलिक टेन्शनर वापरतात. तो बोल्टला सरळ वर खेचतो, मग नट हाताने खाली टेकवतात आणि दाब सोडतात. आट्यांचं आणि बुडाचं घर्षण या हिशेबातून बाहेर पडतं. दाब सोडताना नट आणि आटे किंचित बसतात आणि थोडा ताण जातो, म्हणून खेचतानाच तेवढा जादा धरतात. त्यानंतर पवनचक्की काही शे तास फिरली की माणसं मनोऱ्यात चढून प्रत्येक फ्लँजवर पुन्हा तोच टेन्शनर फिरवतात, कारण तोवर पृष्ठभागांवरचे बारीक उंचवटे दबून गेलेले असतात आणि बोल्टांचा ताण पुन्हा भरून काढावा लागतो.